व्यक्ती, समाज आणि वतन : व्यवस्था माणूस कसा घडवते?

आपल्या शिबिरांत आणि विहारातल्या चर्चांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : “समाज बदलायचा असेल तर सुरुवात स्वतःपासून करा.” दुसरे : “सगळी व्यवस्थाच सडलेली आहे, एकट्यादुकट्याने काय होणार?” गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच वक्त्याच्या एकाच भाषणात येतात आणि टाळ्या दोन्हींना पडतात. पण दोन्ही जशीच्या तशी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. माणूस समाज घडवतो की समाज माणसाला घडवतो, या प्रश्नाचे उत्तर नीट दिल्याशिवाय चळवळीत काय करायचे हेही ठरत नाही. हा प्रश्न समाजशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो खरा, पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो अंगावर काढलेला आहे. त्याचे नाव महार वतन.

आजच्या तरुणांपैकी अनेकांनी ‘वतन’ हा शब्द फक्त सातबाऱ्यावर किंवा जमिनीच्या तंट्यात ऐकला असेल. म्हणून थोडे तपशिलात सांगतो. जुन्या गावगाड्यात पाटील, कुलकर्णी हे जसे वतनदार तसेच महारही वतनदार होते. इंग्रज सरकारने ही पद्धत मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तिला पक्के सरकारी रूप दिले. वतनदार महाराने काय करायचे? गावच्या वेशीवर पहारा द्यायचा, चावडी झाडायची, सरकारी टपाल आणि वसुलाचा पैसा पोहोचवायचा, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, मयताचा सांगावा दुसऱ्या गावी न्यायचा, मेलेले जनावर ओढायचे, गावच्या शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची. मोबदला म्हणून वतनाची थोडी जमीन, जिला हाडकी-हाडोळा म्हणत. खळ्यावर मिळणारे बलुते. आणि दारोदार फिरून मागायची भाकरी. ज्याची पाळी असेल तो येसकर. हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

आता यात माणूस कसा घडत होता ते पाहू. पहिली गोष्ट वेळेची. या कामाला तास नव्हते. हाक आली की जायचे, मग ती मध्यरात्र असो की पेरणीचा दिवस असो. पाळीचा माणूस घरी नसेल तर त्याच्या बापाने, मुलाने, घरातल्या कोणीतरी जायचे. म्हणजे नोकरी एकाची आणि वेठ साऱ्या कुटुंबाची. ज्याचा दिवस स्वतःच्या मालकीचा नाही तो दुसरा धंदा कसा शिकणार, मुलाला रोज शाळेत कसा पाठवणार? अशा घरातल्या माणसाला वरच्या आळीतले लोक ‘आळशी’, ‘महत्त्वाकांक्षा नसलेला’ म्हणत. महत्त्वाकांक्षा ही उद्याबद्दलची गोष्ट असते. इथे उद्याचा दिवसच गावाच्या हाती होता.

दुसरी गोष्ट वाटणीची. वतन एका माणसाचे नसून सगळ्या महारवाड्याचे असे. पिढ्यागणिक घरे वाढली, जमीन वाढली नाही. तुकड्याचा तुकडा झाला, पाळी वर्षावर्षांनी येऊ लागली आणि भावकीत पाळीवरून भांडणे लागली. पोट भरण्याइतके वतनात काही उरले नव्हते, पण सोडवत नव्हते. आपण सोडले तर आपला हिस्सा चुलत्याच्या घरात जाईल ही भीती होतीच. मालक आणि गुलाम यांच्यात जे भांडण व्हायला हवे होते ते गुलामाच्या अंगणातच दोन भावांत चालू राहिले.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ही व्यवस्था फक्त अपमान करीत नव्हती, ती मानही देत होती. महाराला ‘बावन्न हक्क’ असल्याची परंपरा होती. बेदरच्या बादशहाने ते दिले अशी आख्यायिका वस्तीवस्तीतून अभिमानाने सांगितली जाई. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. सणावारी अमुक विधी महाराशिवाय होत नसे. ज्या काठीमुळे तो माणूस गावाचा चोवीस तासांचा चाकर होता त्याच काठीमुळे त्याला वाटे की गाव आपल्यावाचून चालत नाही. आणि बलुत्याच्या वाटपात आपल्या खाली आणखी कोणीतरी आहे हेही त्याला दाखवलेले होते. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिची ताकद इथे आहे. नुसत्या विषमतेत सगळे खालचे एक होऊ शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाला गमावण्यासारखे काहीतरी असते.

अशी व्यवस्था बाहेरून लादलेल्या ओझ्यासारखी राहत नाही. ती चालण्यात, बोलण्यात, पाठीच्या कण्यात उतरते. ‘जोहार मायबाप’ हा शब्द तोंडातून येताना कंबर आपोआप वाकते. लहान मुलाला कोणी शिकवत नाही. तो बापाला पाहून वाकतो. समाजशास्त्रज्ञ याला मोठमोठी नावे देतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तेच साध्या भाषेत सांगितलेले आहे : सवय लागली की बेडी जड लागत नाही.

मग हा गाडा हाकत कोण होते? पाटील? दिसायला तोच. पण एखादा पाटील मनाने चांगला असला तर तो दोन भाकरी जास्त देऊ शकत होता. येसकराला ओसरीवर आपल्या शेजारी बसवू शकत नव्हता. बसवले असते तर त्याच्याच सोयऱ्यांनी त्याची पंगत बंद केली असती. १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात बाबासाहेबांनी हेच यंत्र उघडून दाखवले होते. जात कोण्या एका मनूने हुकूम काढून निर्माण केली हे त्यांना मान्य नव्हते. एका वर्गाने आपल्या गटाबाहेर लग्न करायचे नाही असे ठरवून दार लावून घेतले. त्याची प्रतिष्ठा मोठी, म्हणून इतरांनी त्याचे अनुकरण केले. जे अनुकरण करायला तयार नव्हते त्यांनाही शेवटी आपल्यापुढची दारे बंद झालेली आढळली. आणि नियम मोडणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा. म्हणजे माणसांच्याच कृतींतून व्यवस्था तयार होते. पण एकदा तयार झाली की ती त्या माणसांच्या इच्छेवर चालत नाही. तिच्यात वाईट वागायला दुष्ट असावे लागत नाही, आणि चांगले वागायला मात्र धाडस लागते.

तथागतांनी हीच गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली होती. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण आहेत. भिक्खूसंघात आल्याबद्दल त्यांचे जातभाई त्यांना शिव्या घालत आहेत. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, तुम्ही खालच्यांत गेलात, असे म्हणत आहेत. बुद्ध आधी साधे उत्तर देतात : ब्राह्मणांच्या बायकाही बाळंत होतात हे सर्वांना दिसतेच. मग ते एक गोष्ट सांगतात. आरंभी भात आपोआप उगवत होते. माणसे संध्याकाळपुरते संध्याकाळी, सकाळपुरते सकाळी आणत. एकाला दोनदा जायचा कंटाळा आला, त्याने दोन्ही वेळचे एकदम आणले. दुसऱ्याने ते पाहिले आणि दोन दिवसांचे आणले, तिसऱ्याने चार दिवसांचे. साठा सुरू झाला, भात पूर्वीसारखे उगवेना, म्हणून शेतांच्या हद्दी पडल्या. हद्द आली तशी चोरी आली, चोरीमागून खोटे बोलणे आणि मारहाण आली. शेवटी लोकांनी एकत्र येऊन आपल्यातलाच एक योग्य माणूस निवडला, त्याला भाताचा हिस्सा द्यायचे कबूल केले, आणि तो महासंमत, म्हणजे सर्वांच्या संमतीचा राजा झाला.

ही गोष्ट इतिहास म्हणून वाचायची नाही. तिच्यातला क्रम पाहायचा आहे. पहिला साठा करणारा माणूस खलनायक नाही, नुसता कंटाळलेला आहे. पण त्याच्या कृतीचे अनुकरण झाले, अनुकरणाची रीत झाली, रीतीची मालमत्ता झाली, मालमत्तेतून राज्य आणि वर्ग आले. आणि त्या वर्गात जन्मलेला पुढचा माणूस म्हणू लागला की आम्ही मुखातून जन्मलो! कारण असेल तोवर परिणाम राहतो आणि कारण काढले की परिणामही जातो, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम आपण बहुधा मनाच्या दुःखापुरता शिकतो. सुत्तांत तो समाजालाही लावलेला आहे. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात राजा गरिबांना धन देत नाही म्हणून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी. राजा चोराला आधी पैसे देऊन पाहतो, तर चोऱ्या वाढतात. मग शिरच्छेद करतो, तर लोक स्वतःच शस्त्रे हाती घेतात. गुन्हेगाराला उपदेश करून किंवा मारून गुन्हा थांबत नाही, हे तिथे स्पष्ट आहे. कारण दुसरीकडेच असते.

आता वतनाकडे परत येऊ, कारण खरा प्रश्न अजून बाकी आहे. व्यवस्था माणसाला इतकी खोलवर घडवत असेल तर तिच्या बाहेर पडलेली माणसे आली कुठून?

ती दुसऱ्या व्यवस्थांतून आली. हे सांगताना काहींना वाईट वाटते, कारण आपल्याला एकट्या महापुरुषाची गोष्ट आवडते. पण इंग्रजी सैन्यात पूर्वी महारांची भरती होत होती आणि सैन्यात शिक्षणाची सोय होती. सुभेदार रामजी सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्या घरात पुस्तके होती, शिस्त होती, पेन्शन होती. येसकराची पाळी नव्हती. त्याच सैन्यातून गोपाळबाबा वलंगकर आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा विनंतीअर्ज लिहायला पुढे आली ती हीच लिहायला शिकलेली, गावगाड्यातून सुटलेली माणसे. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट अपार होतेच. पण तीच बुद्धी एखाद्या येसकराच्या घरी जन्मली असती तर तिचे काय झाले असते? तशा किती बुद्धी चावडी झाडत संपल्या, याची मोजदाद कुठे नाही.

मात्र गाव सोडले म्हणजे गावगाडा सुटतो असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त. म्हणजे यंत्र मँचेस्टरचे, मालक भांडवलदार, कामगार संघटना लाल बावट्याची, आणि पगाराची पायरी मात्र गावच्या विटाळाने ठरलेली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. नवी व्यवस्था जुनीला आपोआप पुसत नाही. पुष्कळदा तिला कामाला लावते.

त्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ‘बहिष्कृत भारत’मधून ते वतनाबद्दल लिहीतच होते. वतनाने आपल्या माणसांचा स्वाभिमान आणि पुढे जाण्याची इच्छा मारली आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. विरोध झाला आणि पुढच्या वर्षी विधेयक मागे घ्यावे लागले. १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद झाली. वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ उजाडले. बाबासाहेब तोवर गेले होते.

पण कायदा येण्याच्या आधीच कित्येक गावांत लोकांनी वतनाची कामे सोडली होती, आणि ते कसे सोडले हे समजून घेण्यासारखे आहे. एकट्याने काम सोडले तर काय होई? त्याची पाळी भावाकडे जाई, बलुते बंद होई, आणि गाव त्याला धडा शिकवी. व्यवस्थेला एक माणूस कमी झाल्याचे कळतही नसे. वतन सामुदायिक होते, म्हणून त्यातून सुटकाही सामुदायिकच असावी लागली. मार्च १९२७ ची महाडची परिषद पाहा. लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले हे सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस खायचे नाही आणि असली कामे करायची नाहीत, हाही निर्धार झाला. वर्षअखेर त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली, आणि बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे बोलताना लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जातीची खूण सांगणारे दागिने बदलायला सांगितले. काहींना ही बाब किरकोळ वाटते. मला ती फार मोठी वाटते. व्यवस्था शरीरात उतरलेली होती, म्हणून ती शरीरातूनही काढावी लागली. आणि एकटीने नाही, सगळ्या वस्तीने एकदम, म्हणजे कोणा एकीकडे बोट दाखवायला जागा उरू नये.

‘जोहार’ची जागा ‘जय भीम’ने घेतली तीही अशीच. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांच्याशी या अभिवादनाचा आरंभ जोडला जातो. अभिवादन ही एकट्याने करायची गोष्टच नाही. समोरच्याने उत्तर दिले तरच ते पुरे होते, आणि उत्तर देताना दोघांपैकी कोणालाच वाकावे लागत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब म्हणतात त्याचा आशय असा की एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्म लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा समूहाने झाली, आणि सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्याचेही कारण इथे सापडते. श्रद्धा मनात बदलता येते. रीत बदलायला शेजारी लागतो.

संघाच्या इतिहासात याचा एक सुंदर पुरावा आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय, देवदत्त वगैरे शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपालीही बरोबर होता. संघात ज्येष्ठपणा जन्मावरून नसतो. आधी दीक्षा घेतली तो ज्येष्ठ, नंतरच्याने त्याला वंदन करायचे. कुमारांनी बुद्धांना स्वतःच विनंती केली : उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. हे वाचून आपण त्यांच्या नम्रतेचे कौतुक करतो आणि पुढे जातो. पण त्यांनी नेमके काय केले ते पाहा. “आम्ही यापुढे गर्व करणार नाही” असा नुसता संकल्प त्यांनी केला नाही. आपल्या मनावर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता, आणि ते शहाणपणाचेच होते. त्यांनी स्वतःला अशा नियमात बसवून घेतले की गर्व करायला रोजची संधीच राहू नये. मन बदलायला त्यांनी व्यवस्थेची मदत घेतली. आणि तो नियम आधी कोणीतरी बनवला होता म्हणून ती मदत मिळाली. पुढे पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला.

यावरून आरंभीच्या दोन वाक्यांचा निकाल लागतो. “स्वतःपासून सुरुवात करा” हे खरे, पण स्वतःचा बदल टिकतो तो नियमाच्या आधाराने. “व्यवस्था सडली आहे” हेही खरे, पण व्यवस्था म्हणजे आपणच रोज पाळतो त्या रीती. त्या आपण पाळणे थांबवले नाही तर दुसरे कोणी थांबवणार नाही.

आता आजचे. आज गावची हाक येत नाही, पण पुण्या-मुंबईत भाड्याने खोली बघायला गेलेल्या मुलाला आधी आडनाव विचारतात, मग “नॉनव्हेज खाता का?” हा प्रश्न. विचारणारा दलाल बहुधा जातीयवादी नसतो. त्याला सोसायटीचा नियम पाळायचा असतो आणि दलाली मिळवायची असते. १९१६ च्या निबंधातले बंद दार ते हेच. आणि आडनाव सांगताना आपल्या पोराचा आवाज किंचित खाली जातो, तेव्हा ‘जोहार’ अजून कुठेतरी उरलेला असतो. त्याला “न्यूनगंड सोड” असा उपदेश करणे सोपे आहे. शहरात आपल्या मुलामुलींसाठी वसतिगृहे किती आहेत, खोली मिळवून देणारे, वकील गाठून देणारे मंडळ आहे का, हा प्रश्न अवघड आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, लगेच सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, ते भाषणे कमी पडत होती म्हणून नाही.

आणि आपल्या घरातले? दीक्षा घेऊन सत्तरेक वर्षे होत आली, तरी लग्नाच्या वेळी पोटजात विचारली जाते. मातंग, चर्मकार किंवा भटक्या समाजातून आलेल्या बौद्ध स्थळाचे काय होते, हे प्रत्येकाने आपल्या नात्यात पाहावे. जातीचे मूळ गटातल्या गटात लग्न करण्यात आहे, असे ज्या माणसाने पंचविसाव्या वर्षी सिद्ध केले त्याचा फोटो भिंतीवर लावून आपण तेच करतो. आईवडिलांना विचारले तर ते म्हणतात, “आम्हाला काही नाही रे, पण नातेवाईक काय म्हणतील?” त्या नातेवाइकांना विचारले तर तेही हेच म्हणतात. कोणालाच काही नसते, तरी रीत चालू राहते!

एखादी धीट मुलगी आपल्या बायोडेटामधून पोटजातीची ओळ खोडते. चांगलेच आहे. पण तिला फोनवर ती विचारली जातेच, आणि उत्तर टाळले की स्थळ पुढे सरकत नाही. तेच वधू-वर मेळावा भरवणाऱ्या मंडळाने छापील फॉर्ममधला तो रकानाच काढून टाकला आणि विहारातल्या बैठकीत तसा ठराव केला, तर विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होईल. फॉर्म दरवर्षी नव्याने छापला जातो. तो कोण छापते, मजकूर कोण ठरवते आणि त्या बैठकीला तरुण मुली किती असतात, हे आपापल्या वस्तीत एकदा विचारून पाहायला हरकत नाही.